आयडी आणि आडनाव

राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावावर लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. ‘एकच प्याला’मधल्या सिंधूचे हाल ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने ठकीच्या लग्नाची खटपटही लिहिली. पुढे जयवंत दळवींनी तेच केलं. ‘चक्र’ आणि ‘संध्याछाया’ लिहिणारा हा लेखक ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यातल्या भल्याभल्यांच्या टोप्या उडवत होता. मराठी वाचकाने या प्रकाराला कधी दुटप्पीपणा म्हटलं नाही. उलट एकाच माणसाला इतकं सगळं जमतं म्हणून कौतुकच केलं. पण शेजारचा मुलगा इन्स्टाग्रामवर विरहाच्या गझला टाकतो, एक्सवर राजकारण्यांना शिव्या घालतो आणि जिन्यात भेटल्यावर खाली मान घालून ‘काका, पाणी आलं का?’ एवढंच विचारतो, हे कळलं की आपण अस्वस्थ होतो. यातला खरा कोणता, असं विचारायला लागतो.

हा संग्रह त्या प्रश्नाभोवती फिरतो. प्रस्तावना लिहिणाऱ्याला थोडा आगाऊपणा माफ असतो, तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो की हा प्रश्न मला नीट विचारलेला वाटत नाही. त्याची दोन तयार उत्तरं बाजारात आहेत. एक म्हणतं, ऑनलाइन सगळी सोंगं. माणूस ओळखायचा तर प्रत्यक्ष भेटूनच. दुसरं म्हणतं, ऑनलाइनच काय तो खरा माणूस दिसतो, कारण तिथे भीड नसते. घरात आणि कचेरीत आपण सगळे मुखवटेच लावतो. दोन्ही उत्तरं ऐकायला बरी आहेत आणि दोन्ही आळशी आहेत. माझ्या मते माणूस बहुतेक वेळा तोच असतो. त्याच्यासमोर बसलेले लोक बदलतात आणि बोलल्याची जी किंमत मोजावी लागते ती बदलते. या दोन गोष्टींवर लक्ष ठेवलं तर शेजारच्या मुलाचं कोडं बरंचसं सुटतं. जे सुटत नाही, तेच खरं लिहिण्यासारखं आहे, आणि त्याकडे मी शेवटी येईन.

समोर कोण बसलंय यावर माणसाचं वागणं किती ठरतं, हे संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने दाखवून ठेवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या एका लहान गावात राहून, तिथल्या हॉटेलातला व्यवहार तो बघत होता. त्यातून १९५६ साली त्याचं पुस्तक आलं आणि माणसाचं रोजचं वागणं म्हणजे एक प्रयोगच असतो, त्याला रंगमंच असतो आणि विंगेमागची जागाही असते, ही कल्पना रूढ झाली. पुस्तकात सिद्धान्त पुष्कळ आहे, पण माझ्या लक्षात राहिलं ते हॉटेलाचं स्वयंपाकघर. तिथे उकळत्या किटलीवर ओले मोजे वाळत घातलेले असत. जेवणघरातून परत आलेले लोण्याचे अर्धवट वापरलेले गोळे पुन्हा वळून, ताजे दिसतील असे करून, दुसऱ्या पाहुण्यांपुढे जात. मधलं दार ओलांडलं की तीच माणसं सुसंस्कृत इंग्रजी अदबीने वाढायला लागत. आत एक आणि बाहेर एक म्हणून त्यांना कुणी ढोंगी म्हणणार असेल, तर त्याने एकदा आपल्या घरी पाहुणे येण्याच्या दहा मिनिटं आधीचा दिवाणखाना आठवावा.

गॉफमनच्या हॉटेलात दार होतं, हे महत्त्वाचं. समाजमाध्यमांनी नेमकं तेच काढून टाकलं. गोव्याच्या किनाऱ्यावर बिअरचा ग्लास हातात धरून काढलेला फोटो कॉलेजच्या मित्रांसाठी असतो. पण तो बघतात मित्र, साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, होणारे सासरे आणि इस्लामपूरची मामी. शिवाय एकाच वेळी. अॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास करून या घोटाळ्याकडे लक्ष वेधलं: वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं बोलण्याची माणसाची साधी सोय तिथे नाहीशी होते आणि सगळे श्रोते एकाच खोलीत कोंबले जातात. अशा वेळी माणसं दोनच गोष्टी करू शकतात. एक तर सर्वांना चालेल इतकं गुळमुळीत बोलायचं. कौटुंबिक ग्रुपवरचं सकाळचं गुलाबाचं फूल हे त्याचं सर्वांत शुद्ध रूप. नाहीतर पुन्हा दारं बसवायची. तरुण मुलं दुसरं करतात. एक खातं नातेवाइकांसाठी, एक जवळच्या दहाबारा जणांसाठी, एखादं कुणालाच न सांगितलेलं. त्यात आईवडिलांना फसवण्याचा हेतू असतोच असं नाही. आपण या मुलांच्या वयाचे असताना ज्या गोष्टी गच्चीवर बोलायचो, त्या घरात जेवताना बोलत नव्हतो, एवढंच ते आहे.

आता ‘सगळी सोंगं’ या पहिल्या उत्तराकडे. मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या २३६ तरुणांची समाजमाध्यमांवरची पानं अनोळखी लोकांना दाखवली आणि या माणसाचा स्वभाव कसा असेल ते विचारलं. मग ती उत्तरं दोन गोष्टींशी ताडून पाहिली: तो माणूस प्रत्यक्षात कसा आहे, आणि त्याला स्वतः कसं व्हायला आवडेल. पानांवरून दिसत होता तो प्रत्यक्षातला माणूस, त्याचा आदर्श अवतार नव्हे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही आश्चर्य वाटलं. पण थोडा विचार केला तर कारण उघड आहे. राजगड चढताना तुमची पिशवी ज्याने उचलली, तो मित्र यादीत असताना तुम्ही स्वतःला ‘कट्टर ट्रेकर’ म्हणवून घेऊ शकत नाही. घेतलंत तर तो खाली येऊन दोन शब्द लिहितोच.

ऑर्कुटच्या जमान्यात तर हे आणखी उघड होतं. २००४ साली आलेलं आणि २०१४च्या सप्टेंबरात बंद झालेलं ते संकेतस्थळ आपल्याकडे भलतंच गाजलं. तिथे तुमच्याबद्दलचं प्रशस्तिपत्र तुमचे मित्र लिहायचे. तुम्ही फक्त ते स्वीकारायचं की नाही एवढं ठरवायचं. तुम्ही किती ‘कूल’ आहात हे बर्फाच्या खड्यांत आणि किती आकर्षक आहात हे बदामांत मोजलं जायचं, आणि ते मोजमापही दुसऱ्यांच्या हातात. आपली प्रतिमा आपण घडवतो या समजाला तिथे फारशी जागा नव्हती.

माणसं खोटं बोलतच नाहीत असं मात्र नाही. कॅटलिना टोमा, जेफ्री हॅन्कॉक आणि निकोल एलिसन यांनी न्यूयॉर्कमधल्या जोडीदार जुळवणाऱ्या संकेतस्थळांवरच्या ८० जणांना बोलावून त्यांची उंची मोजली, वजन केलं, ओळखपत्रावरचं वय पाहिलं आणि ते त्यांनी ऑनलाइन दिलेल्या माहितीशी ताडलं. हा अभ्यास २००८चा. तीनपैकी निदान एका बाबतीत ८१ टक्के लोक खोटं बोलले होते. पुरुष उंची वाढवत होते, बायका वजन कमी करत होत्या. पण खोटं इतकं बेताचं की समोरासमोर बसल्यावर सहज लक्षात येऊ नये. हे वाचून मला आपला लग्नाचा बायोडेटा आठवला. पाच फूट साडेपाचचं पाच सात होणं, सावळ्याचं ‘निमगोरा’ होणं, भाड्याच्या घराचा उल्लेख ‘पुण्यात वास्तव्य’ असा होणं, हे सगळं झेरॉक्सच्या दुकानातही होत होतंच. ते करणारे पक्के खोटारडे नव्हते. पुढे मुलगी बघायला जायचंय आणि मुलीचे काका आपल्या शेजारी उभे राहून फोटो काढणार आहेत, याची पक्की जाणीव ठेवून केलेली ती वाढ होती. भेट होणार असेल तर खोट्याला मर्यादा पडते. चौकातल्या फ्लेक्सवर मात्र अशी कसलीच मर्यादा नसते. गॉगल, पांढरे कपडे, मागे वाघ, वर ‘भावी नगरसेवक’ आणि खाली शुभेच्छुकांच्या बावीस मुंड्या: स्वतःची अशी अफाट प्रतिमा उभी करायला महाराष्ट्राला इंटरनेटची वाट बघावी लागली नाही.

दुसरी एक गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. आपण काय दाखवतो त्याहून आपण कशाकशावर अंगठा उठवतो यातून आपण जास्त कळतो. वू यूयू, मायकल कोसिन्स्की आणि डेव्हिड स्टिलवेल यांनी २०१५ साली ८६,२२० लोकांच्या फेसबुकवरच्या ‘लाइक’वरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज बांधणारा हिशेब मांडला. दहा लाइक मिळाले की संगणकाचा अंदाज सहकाऱ्यापेक्षा सरस ठरत होता, सत्तर मिळाले की मित्रापेक्षा, दीडशे मिळाले की घरच्या माणसापेक्षा. तीनशेच्या आसपास तो नवऱ्याला किंवा बायकोलाही गाठत होता. म्हणजे सजवलेला फोटो खोटा असेलही. रात्री एकटं असताना ज्यावर बोट थांबतं ते खोटं नसतं. आणि ते आपल्या ओळखीच्या कुणाला दिसत नाही, फक्त कंपनीला दिसतं.

राग आणि शिवीगाळ हा या विषयाचा सर्वांत चघळलेला भाग. त्याबद्दल सर्वमान्य झालेली हकिगत अशी: सभ्य माणूस, पडद्यामागे गेला की त्याचा राक्षस होतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली या मोकाटपणाची कारणं मांडली. नाव माहीत नसणं, चेहरा न दिसणं, उत्तर लगेच ऐकावं न लागणं, वरिष्ठ-कनिष्ठ भेद पुसला जाणं, अशी ती आहेत. सुलरचं म्हणणं पुढे लोकांनी अर्धंच उचललं. त्याने त्याच लेखात सांगितलं होतं की याच मोकळेपणाने माणसं प्रेमळही होतात, मनातलं बोलतात, अनोळखी माणसाला मदत करतात. ते कुणी फारसं सांगत नाही, कारण त्याची बातमी होत नाही.

मग डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या अलेक्झांडर बोर आणि मिखाएल बँग पीटरसन यांनी राक्षसाची ही गोष्ट तपासायला घेतली. अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या आठ हजारांहून जास्त लोकांवर आठ वेगवेगळे अभ्यास करून त्यांनी २०२२ साली निष्कर्ष छापला, तो पचायला जड आहे. राजकारणावर ऑनलाइन जे अंगावर येतात ते प्रत्यक्षातही अंगावर येणारेच असतात. बहुतेकदा दुसऱ्यावर वरचष्मा मिळवण्याची हाव त्यांना असते. इंटरनेट त्यांना बिघडवत नाही. ते फक्त जास्त लोकांना दिसतात. प्रत्यक्षात असा माणूस पारावर चौघांशी भांडतो आणि उरलेलं गाव आपापल्या कामाला जातं. ऑनलाइन त्याचं भांडण सगळ्या गावाला ऐकावं लागतं.

इथे आपल्याला एक अप्रिय गोष्ट कबूल करावी लागते. ‘अण्णा असे नव्हते हो, त्या मोबाइलने बिघडवलं’ असं आपण ज्या काकांबद्दल म्हणतो, ते काका कदाचित पहिल्यापासून असेच होते. फक्त जातीबद्दल, धर्माबद्दल, बायकांबद्दल ते जे बोलायचे, ते त्यांच्या बरोबरीच्यांत, सुपारी कातरता कातरता. आपण तेव्हा शाळेत होतो. त्यांच्या बैठकीत आपल्याला कुणी बसवून घेतलं नव्हतं. आता आपण त्यांच्या ग्रुपमध्ये आहोत.

नाव लपवता येतं म्हणून माणसं चेकाळतात, तेव्हा सगळ्यांना खरं नाव सक्तीचं करा, हा उपायही त्याच हकिगतीतून निघतो. दक्षिण कोरियाने तो करून पाहिला. २००७ साली तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक झालं. नावं आणि ओळखक्रमांक गोळा झाले. २०११ साली नेट आणि सायवर्ल्ड या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने कायदा रद्द केला, आणि बेकायदा मजकूर त्यामुळे म्हणण्यासारखा कमी झाल्याचं दिसत नाही, हेही नोंदवलं. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडावा. तिथे नाव, आडनाव, फ्लॅट क्रमांक, मेंटेनन्सची थकबाकी, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही पार्किंगवरून आणि बी विंगच्या गळतीवरून तिथे जी भाषा वापरली जाते, तिच्यापुढे निनावी लोक सभ्य वाटावेत.

तरी हिशेब पूर्ण एकतर्फी नाही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी २०१७ साली उलट बाजूने प्रयोग केला. काहींना आधी अवघड प्रश्न सोडवायला लावून वैतागवलं, काहींना आधीच चिडक्या प्रतिक्रियांनी भरलेली चर्चा वाचायला दिली, आणि मग मत लिहायला सांगितलं. बिघडलेला मूड आणि बिघडलेली चर्चा एकत्र आली की साधी माणसंही बऱ्याच प्रमाणात वाकडं लिहीत होती. सीएनएनच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया तपासल्या तर रात्री उशिरा आणि सोमवारी असं लिखाण वाढलेलं दिसलं. सोमवारचं कारण नोकरी करणाऱ्याला समजावून सांगायला नको. म्हणजे अंगावर येणाऱ्यांचा एक पक्का गट असतो हे खरं, आणि आपल्यापैकी कुणीही वाईट दिवशी, वाईट संगतीत त्यांच्यात जाऊन बसू शकतो हेही खरं.

मराठी वाचकाला हा विषय परदेशी अभ्यासांतून शिकायची खरं तर गरज नव्हती. आपल्याकडे त्याची एक चांगली मोठी प्रयोगशाळा फार लवकर उघडली होती. १९९६ साली गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झालं. तेव्हा भारतात घरी इंटरनेट असणं हीच चैन होती, आणि सुरुवातीचे बरेचसे मायबोलीकर अमेरिकेत वगैरे बसून मराठीसाठी आसुसलेले. पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’, ‘ऐसी अक्षरे’ आली. फेसबुकने सगळ्यांना खऱ्या नावाने बोलायची सवय लावली त्याच्या कितीतरी आधी या मंडळींनी टोपणनावांचं एक गाव वसवलं. तिथे माणसाला ‘आयडी’ म्हणत. एकाच माणसाने दुसऱ्या नावाने उघडलेलं खातं म्हणजे ‘डुआयडी’. मुद्दाम भांडण लावून देणं म्हणजे ‘काडी टाकणं’. एकमेकांची पाठ खाजवणाऱ्यांचा तो ‘कंपू’. आणि हे सगळे आयडी देहासकट जमले की ते ‘गटग’ किंवा ‘कट्टा’. मायबोलीचा पावसाळी ‘ववि’, म्हणजे वर्षाविहार, हा तर वार्षिक सोहळाच.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर लेण्याच्या आवारात भरलेल्या अशा एका कट्ट्याला मी गेलो होतो. झाडाखाली वर्तुळ करून बसलो. एकेक जण नाव सांगायचा, काम सांगायचा, आणि कुणाच्याच चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. मग तो आयडी सांगायचा, आणि ‘अरे, तू होय तो!’ असा गलका व्हायचा. माणसाचं नाव आणि आडनाव तिथे टोपणनावासारखं उपरं झालं होतं. खरी ओळख आयडीची. शुद्धलेखनावरून भल्याभल्यांची सालं काढणारा, ज्याच्या दोन ओळींच्या प्रतिसादाने पानभर चर्चा गार पडायची, असा एक आयडी येणार म्हणून सगळे वाट बघत होते. आले ते साठी उलटलेले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कापडी पिशवीत आंबावड्यांचा डबा. ‘घ्या ना, घरच्याच आहेत,’ असं इतक्या हळू म्हणाले की पलीकडच्याला ऐकूच गेलं नाही. लोकांची थोडी निराशाच झाली. तासाभराने ऱ्हस्व-दीर्घाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. वाक्यं दोनच. धार तीच, नेमकेपणा तोच, समोरच्याला पुढे बोलायला जागा न ठेवण्याची हातोटी तीच. आवाज मात्र अजूनही आंबावड्या देतानाचाच. इतकी वर्षं त्यांची वाक्यं वाचताना तो चढा, कडक आवाज आम्हीच आमच्या मनाने लावत होतो. सुलरच्या कारणांत हेही एक आहे: पडद्यावरचा मजकूर वाचताना लिहिणाऱ्याचा आवाज आणि चेहरा वाचणाराच पुरवतो. ऑनलाइन माणूस प्रत्यक्षात वेगळा निघाला असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातला किती वेगळेपणा त्याचा आणि किती आपण चढवलेला, हे एकदा मोजायला हवं.

डुआयडींचंही तसंच. नाव बदललं, वय बदललं, पुरुषाची बाई झाली, तरी मुरलेले सदस्य चारपाच प्रतिसादांत ओळखायचे. कुणाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो, कुणाला ‘किंबहुना’शिवाय चैन पडत नाही, कुणाच्या रागाची वेळ रात्री अकरानंतरची. २०१३ साली ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नव्या लेखकाच्या पहिल्याच रहस्यकादंबरीमागे जे. के. रोलिंग आहेत हे संडे टाइम्सने बाहेर काढलं, तेव्हा त्या वृत्तपत्राने संगणकावर लेखनशैली तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांची मदत घेतली होती. मराठी संकेतस्थळांवर हे काम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फुकट होत असे.

यातला सर्वांत मोलाचा भाग बायकांच्या लिखाणाचा आहे असं मला वाटतं. बाई आहे की पुरुष हे कळू नये असा आयडी घेऊन कितीतरी जणींनी तिथे पहिल्यांदा राजकारणावर लिहिलं, लैंगिकतेवर लिहिलं, सासरबद्दल लिहिलं, देव मानत नाही हे लिहिलं. त्यातलीच एखादी घरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं हात जोडल्याच्या इमोजीपलीकडे काही पाठवत नाही. तिचं कुठलं रूप खोटं? सासूबाई, दीर आणि मोठ्या जाऊबाई समोर असताना गप्प बसणं हा तिचा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे. खऱ्या नावाची सक्ती करा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिव्या देणारा पुरुष असतो. त्या सक्तीने सर्वांत आधी गप्प होईल ती ही बाई.

याच मोकळिकीची काळी बाजू तितकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या ‘कॉम्प्युसर्व्ह’ या सेवेवर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘जोन’ नावाची एक तरुणी होती. अपघातात चेहरा विद्रूप झालेला, बोलता येत नाही, चालता येत नाही. पण पडद्यावर अत्यंत हसरी, जिद्दी. अपंग स्त्रियांना तिने धीर दिला, कितीजणींना तिने आपल्या मनातलं सांगायला लावलं. अॅलेक्स नावाच्या एका मानसोपचारतज्ज्ञाशी तिने काही मैत्रिणींची ओळखही करून दिली. मग उघड झालं की जोन नव्हतीच. पन्नाशीतला अॅलेक्सच जोन होऊन लिहीत होता. कुणीतरी चुकून त्याला बाई समजलं, बायका बाईशी किती मोकळेपणाने बोलतात हे त्याला दिसलं, आणि त्याने ते सोडलं नाही. लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी ऑक्टोबर १९८५मध्ये ‘मिस’ मासिकात ही हकिगत छापली. फसवणुकीचा राग तर होताच. पण ज्या बायकांना जोनमुळे खरोखर उभारी मिळाली होती, त्यांनी आपलं माणूस मेल्यासारखा शोक केला. मला यात सोपा न्याय करता येत नाही. मात्र टोपणनावाने लिहिणारी सून आणि जोन होऊन बसलेला अॅलेक्स यांना एकाच कायद्याच्या तराजूत घालू नये, एवढं नक्की. पहिली स्वतःला वाचवत होती. दुसरा दुसऱ्याचा विश्वास वापरत होता.

आता उरलेली, न सुटणारी गोष्ट. आतापर्यंत मी म्हणत आलो की माणूस तोच, बघणारे वेगळे. पण बघणारे रोज टाळ्या वाजवायला लागले तर माणूस तोच राहतो का? येल विद्यापीठातल्या विल्यम ब्रेडी, मॉली क्रॉकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ७,३३१ जणांच्या १ कोटी २७ लाख ट्वीटचा मागोवा घेतला. संतापाच्या ट्वीटला जास्त लाइक मिळाले की ती व्यक्ती पुढे जास्त संतापून लिहीत होती. आणि टोकाच्या मंडळींपेक्षा मधल्या, मवाळ वर्तुळात वावरणाऱ्यांवर या शाबासकीचा परिणाम जास्त दिसत होता. त्याआधी २००७ साली निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी स्टॅनफर्डमध्ये लोकांना आभासी जगात उंच किंवा ठेंगणी शरीरं देऊन पैशांची वाटणी करायला लावली होती. उंच शरीर मिळालेले घासाघीस जोरात करत. ठेंगणं मिळालेले अन्यायाचा सौदाही मुकाट्याने पत्करत. पुढच्या अभ्यासात हा परिणाम डोक्यावरचं यंत्र उतरवल्यानंतर, समोरासमोरच्या वाटाघाटीतही थोडा वेळ टिकलेला दिसला.

म्हणजे अंगावर चढवलेलं रूप अंगात मुरतं. गडकऱ्यांच्या आणि आपल्यात खरा फरक पडतो तो इथे. बाळकराम लिहून झाला की गडकरी उठत. त्या लेखावर किती जण हसले याचा आकडा दर पाच मिनिटांनी त्यांच्या खिशात थरथरत नव्हता, आणि कमी हसले तर पुढच्या वेळी जास्त बोचरं लिही असं सुचवणारी यंत्रणा त्यांच्या मागे लागलेली नव्हती. आपल्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांनी गंमत म्हणून तिरकस बोलणारा एक आयडी घेतला, तो लोकप्रिय झाला, आणि आता ते घरी जेवतानाही त्याच आयडीच्या तोंडून बोलतात. त्यांची बायको सांगते तेव्हा आपण हसतो. ती हसत नसते.

संग्रहातल्या लेखकांशी मी सगळ्या मुद्द्यांवर सहमत नाही. काहींनी ‘प्रत्यक्ष’ या शब्दाला फार सोवळ्यात ठेवलंय असं मला वाटतं. प्रत्यक्षात माणसं किती कमी कळतात याचा अनुभव एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुणालाही असतो. याउलट काही तरुण लेखक ऑनलाइन मैत्रीच्या बाजूने इतके हिरिरीने उभे राहिलेत की मला वाटलं, यांना कधी आजारपणात रात्री दवाखान्यात सोबत लागलेली नसावी. वाचकांनी दोन्ही बाजूंशी भांडत वाचावं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. यातले काही लेखक वर्षानुवर्षं आयडीनेच लिहितात, आणि त्यातल्या दोघांना मी कधी पाहिलेलं नाही. लेखक-परिचयात कुणाचं काय छापायचं, यावरून संपादकीय बैठकीत बराच वाद झाला. पुस्तक म्हटलं की नाव-गाव हवं, असं एका बाजूचं म्हणणं. मी आणि आणखी एकाने उलट मत दिलं, आणि ते मान्य झालं. त्यामुळे परिचयाच्या पानावर काही ठिकाणी नाव, शिक्षण, गाव, आधीची पुस्तकं असं सगळं आहे आणि काही ठिकाणी नुसता आयडी, पुढे कोरी जागा. मानधनाच्या व्हाउचरवर मात्र सगळ्यांना पॅन कार्डावरचंच नाव लिहावं लागलं. त्याला प्रकाशकांचाही इलाज नव्हता.